सोर्सचं नाव सांभाळायचं कसं? ठाणे-नवी मुंबईतल्या बातमीदारांसाठी

‘पत्रकाराला सोर्स सांगायची सक्ती करता येत नाही.’ हे वाक्य ठाण्यातल्या प्रत्येक बातमीदाराने कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि घाबरलेल्या सोर्सला ऐकवलेलंही असतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी एखाद्या लिपिकाची किंवा अभियंत्याची नोकरी जाऊ शकते, म्हणून आधी कायदा नेमका कुठवर साथ देतो ते पाहू.

प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) नुसार बातमीचा स्रोत उघड करायला वृत्तपत्र, वृत्तसंस्था, संपादक किंवा पत्रकाराला भाग पाडता येत नाही. पण ही सवलत खुद्द कौन्सिलपुढच्या कामकाजापुरती आहे. पोलीस ठाण्यात किंवा कोर्टनाक्यावरच्या न्यायालयात ती चालत नाही. शिवाय कौन्सिलचं कार्यक्षेत्र छापील वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरतं. यूट्यूब चॅनल किंवा न्यूज पोर्टल चालवणाऱ्यांच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात पती-पत्नीमधलं बोलणं आणि वकील-अशिलामधलं बोलणं संरक्षित आहे. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायला पोलीस अधिकाऱ्यालाही भाग पाडता येत नाही. म्हणजे पोलिसांच्या खबऱ्याला कायद्याचं कवच आहे, पत्रकाराच्या सोर्सला नाही. विधी आयोगाने १९८३ साली ९३व्या अहवालात पत्रकारांसाठी तशी तरतूद सुचवली होती. चाळीस वर्षांनी साक्षीचा कायदा नव्याने लिहिला गेला, तरी ती जागा रिकामीच राहिली. हा अन्याय आहे असं मी मानतो, आणि पत्रकार संघटनांनी जाहिरातींच्या दरांइतक्याच जोराने ही मागणी लावून धरायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सांगितलं, की सोर्सचं संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट आहे. ते नसेल तर लोक माहिती द्यायला धजावणार नाहीत. राज्यघटनेतल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या कलम १९(१)(अ) ला जोडून हा निकाल आज आपला सगळ्यात भक्कम आधार आहे. पण तो युक्तिवादाचा आधार. न्यायाधीशांनी नाव विचारलं आणि उत्तर नाकारलं, तर साक्षीदाराला सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

सोर्स वाचतो की उघडा पडतो हे न्यायालयात क्वचितच ठरतं. पहिला फोन कुठून गेला, कागद कसा आला, ऑफिसात कोणाकोणाला कळलं, यावर ते बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच ठरून जातं. म्हणून इथून पुढचा भर तिथेच. सोयीसाठी एकच कल्पित उदाहरण धरू: महापालिकेच्या बांधकाम विभागातला एक कनिष्ठ अभियंता सांगतो, की घोडबंदर पट्ट्यातल्या एका रस्त्याच्या एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, डांबराच्या थराच्या नोंदी खोट्या आहेत आणि त्यावर बिल निघालं आहे.

१. पहिला संपर्क

फोनवर काय बोललात ते सहसा कोणाला कळत नाही. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळ बोललं आणि तेव्हा फोन कुठल्या टॉवरखाली होता, याची नोंद मोबाइल कंपनीकडे किमान दोन वर्षं राहते. एकदा गुन्हा दाखल झाला की तपासात सीडीआर, म्हणजे कॉलची ही नोंद, मागवणं हे नेहमीचं काम आहे. त्यामुळे अभियंत्याने फोनवर विषय काढलाच, तर ‘हे फोनवर नको, भेटून बोलू’ एवढंच म्हणा.

इथे बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या क्षेत्रात, रोज फिरणाऱ्याला मोठा फायदा असतो. पाचपाखाडीच्या मुख्यालयात किंवा बेलापूरच्या महापालिका भवनात तुम्ही आठवड्यातून दोनदा सगळ्या विभागांत डोकावत असाल, पाणीकपातीपासून नालेसफाईपर्यंत दहा अभियंत्यांना फोन करत असाल, तर त्यातला एक फोन उठून दिसत नाही. जो बातमीदार फक्त गौप्यस्फोटाच्या वेळी उगवतो, त्याचा एकच कॉल पुरेसा बोलका असतो.

भेटायचं कुठे? घरी नको, ना तुमच्या ना त्याच्या. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत गेटवरच्या ॲपमध्ये पाहुण्याचं नाव, मोबाइल नंबर, कधी फोटोसुद्धा नोंदवला जातो. सरकारी इमारतींत व्हिजिटर पासचं रजिस्टर असतं. मुख्यालयासमोरच्या टपरीवर सगळं खातं चहाला येतं, आणि तलावपाळीवर संध्याकाळी निम्मं ठाणं ओळखीचं भेटतं. दोघांच्याही रोजच्या वाटेवर नसलेली, पण गर्दीची जागा बरी. स्थानकांवर कॅमेरे आहेतच. पण हजारोंच्या लोंढ्यात शोधायला आधी कोणाला शोधायचं हे माहीत असावं लागतं.

दोघांनीही फोन घरी ठेवून यावं, चालू ठेवून. दोन फोन एकाच वेळी बंद होणं हीसुद्धा एक खूणच असते. रिक्षाने जा, ॲपवर गाडी बोलावू नका. चहाचे पैसे रोख द्या.

२. शब्द देण्याआधी

‘ऑफ द रेकॉर्ड’ याचा अर्थ तुमच्या मनात एक आणि त्याच्या मनात दुसराच असू शकतो. म्हणून साध्या मराठीत विचारा. नाव नको, की पद आणि विभागही नको? तुमचं वाक्य जसंच्या तसं छापू का? कागद छापायचा, की फक्त वाचायचा? संपादकांना तुमचं नाव सांगितलं तर चालेल का? आणि हेही आत्ताच सांगा, की तुम्ही जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं, तर मी माझ्या शब्दाला बांधील राहणार नाही.

तो हे का सांगतोय, तेही विचारा. बढती हुकलेली असू शकते, दुसऱ्या ठेकेदाराशी लागेबांधे असू शकतात. हेतू शुद्ध नसला तरी माहिती खरी असू शकते, पण मग पडताळणी दुप्पट करायची.

त्याला धोक्याची खरी कल्पना द्या. सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात, महापालिका कर्मचाऱ्यांवरही अशाच शिस्तीच्या नियमांचं बंधन असतं, आणि परवानगीशिवाय माहिती बाहेर देणं हा त्यात गैरवर्तनाचा मुद्दा होतो. जागल्यांना, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला, पण तो आजवर अमलात आलेला नाही. ‘काही होणार नाही, मी आहे ना’ असं कोणालाही म्हणू नका. तुमच्या हातात तेवढं नसतं.

शब्द कोणाच्या वतीने देताय हेही स्पष्ट हवं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९८२ साली बातमीदारांनी डॅन कोहेन या माणसाला नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला. संपादकांनी तो डावलून नाव छापलं आणि त्याची नोकरी गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि १९९१ च्या निकालात वृत्तपत्रांना वृत्तपत्र स्वातंत्र्याची ढाल मिळाली नाही. आपल्याकडचा धडा सरळ आहे: डेस्कवरचा माणूस शब्द मोडू शकत असेल, तर तो शब्द द्यायच्या आधी डेस्कशी बोला.

३. कागद

सोर्स सर्वाधिक वेळा उघडा पडतो तो कागदामुळे. म्हणून इथे घाई नको.

कागद हातात आला की पहिला प्रश्न: ही प्रत अजून किती जणांकडे आहे? फाइल तीनच टेबलांवरून फिरली असेल, तर तिचा फोटो छापणं म्हणजे तिघांची यादी जाहीर करणं. दुसरा प्रश्न: ही प्रत निघाली कशी? ऑफिसच्या प्रिंटरवर काढली, की मोबाइलने फोटो घेतला? ई-ऑफिसमध्ये नस्ती, म्हणजे फाइल, कोणाकडून कोणाकडे, केव्हा गेली याची नोंद प्रणालीत राहते.

मग कागद भिंगाखाली धरल्यासारखा बघा. आवक क्रमांक आणि तारीख. समासातला शेरा. टिपणीखालची आद्याक्षरं. पेनाने केलेली खूण. स्टेपलची भोकं. झेरॉक्स मशीनच्या काचेवरच्या डागाची रेघ. कोपऱ्यात आलेला टेबलाचा सनमायका किंवा बोट. यातल्या प्रत्येक गोष्टीवरून खात्यातला जाणता माणूस नेमकी प्रत ओळखू शकतो. मजकुरातही सापळा असू शकतो: संशय आलेला अधिकारी वेगवेगळ्या लोकांना किंचित वेगळ्या आकड्यांच्या प्रती देतो आणि कुठली छापून येते ते बघतो.

अमेरिकेतलं २०१७ सालचं रिअ‍ॅलिटी विनर या तरुणीचं प्रकरण प्रत्येक बातमीदाराने समजून घ्यावं. तिने एक गोपनीय अहवाल टपालाने एका वृत्तसंकेतस्थळाला पाठवला. खरेपणा तपासण्यासाठी त्यांनी त्याची प्रत सरकारी यंत्रणेलाच दाखवली. कागदाला घडी पडल्याचं, म्हणजे तो छापून बाहेर नेल्याचं, अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं. नोंदी तपासल्या तर तो अहवाल सहाच जणांनी छापला होता. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली. अनेक रंगीत लेझर प्रिंटर कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात, ज्यात यंत्राचा क्रमांक आणि वेळ दडलेली असते. त्या कागदाच्या जाहीर झालेल्या प्रतीवरही ते दिसले होते.

म्हणून प्रतिक्रिया घ्यायला कार्यकारी अभियंत्याकडे जाल तेव्हा कागद खिशातून काढू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका. प्रश्न विचारा: ‘अमुक रस्त्याचं बिल कोणत्या तारखेला मंजूर झालं? थराची जाडी कोणी मोजली? थर्ड पार्टी ऑडिट कोणाचं?’ उत्तरं पुरेशी बोलकी असतात.

वाचकाला पुरावा दाखवायचाच असेल तर आकडे नव्याने टाइप करून तक्ता तुम्ही बनवा. फोटो असेल तर लक्षात ठेवा: मोबाइलच्या फोटोत वेळ, फोनचं मॉडेल आणि कधी कधी ठिकाणही दडलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच राहते.

आणि आता सगळ्यात मोलाची गोष्ट. तोच कागद दुसऱ्या दाराने मिळवा. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. कारण सांगायची गरज नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. फक्त त्या एका रस्त्याची एमबी मागू नका. त्या प्रभाग समितीतल्या वर्षभरातल्या सगळ्या डांबरी रस्त्यांची बिलं आणि मोजमाप पुस्तिका मागा, म्हणजे तुमचं बोट नेमकं कुठे आहे ते कळणार नाही. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. बातमीदार तो फारसा वापरत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण रस्त्याच्या थरासारख्या विषयात याहून चांगला साक्षीदार नाही. महिनाभर उशीर होईल, कदाचित दुसरा कोणी बातमी मारून नेईल. पण अशी बातमी छापून आली तर तिच्यात सोर्स उरतच नाही. चौकशी झालीच, तर तुमच्याकडे शिक्क्याची प्रत आहे.

गोपनीय शासकीय कागदांना, विशेषतः संरक्षणाशी संबंधित, १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होऊ शकतो, आणि त्यात कागद स्वीकारणाराही सापडतो. १० एप्रिल २०१९ रोजी राफेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘चोरीला गेलेले’ म्हटले गेलेले, वृत्तपत्रात छापून आलेले कागद विचारात घेतले, हे खरं. तरी असा कागद आला तर छापण्याआधी वकिलाला विचारा.

४. फोन आणि कॉम्प्युटर

सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा, संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत पहिल्याच दिवशी लावा, आणि सोर्सलाही लावायला सांगा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं वाटेत वाचता येत नाही. पण गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप सेटिंगमध्ये जाऊन कुलूपबंद केलेला नसेल, तर तो वेगळाच दरवाजा उघडा राहतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडं ठेवून जेवायला जाणाऱ्यांना तर काहीच वाचवू शकत नाही. फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतील तर ते थांबवा. नंबर ‘बांधकाम जेई’ अशा नावाने सेव्ह करू नका. कुलपाला बोटाचा ठसा नको, लांब पिन ठेवा.

पेगासससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर खुद्द फोनमध्येच शिरत असल्याने त्यापुढे कुठलंही ॲप पुरत नाही. जे खरोखर जीवावरचं आहे ते फोनमध्ये नकोच. वहीतही नाव नको.

पुसण्याबाबत एक सीमा पक्की ध्यानात ठेवा. नको ते न ठेवण्याची सवय रोजची असावी. नोटीस आल्यावर किंवा ती येणार हे कळल्यावर पुरावा ठरू शकणारी गोष्ट नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे.

५. ऑफिसात आणि ग्रुपवर

नाव संपादकांखेरीज कोणाला नको. बातमी गाजल्यावर पत्रकारांच्या ग्रुपवर अभिनंदन सुरू होतं, ‘कुठून काढलीस रे?’ विचारलं जातं, आणि चहावर ‘आपला तो माणूस आहे ना बांधकामात’ एवढं वाक्य निसटतं. ठाण्यात एवढं पुरतं.

६. बातमी लिहिताना

‘बांधकाम विभागातील एका कनिष्ठ अभियंत्याने सांगितले’ असं लिहिलंत की संशयित मोजके उरतात. ‘पालिकेतील कामाची माहिती असलेल्या व्यक्तीने’ हे खरंही आहे आणि पुरेसं मोघमही. पण वाचकाला फसवू नका. कनिष्ठ अभियंत्याला ‘वरिष्ठ अधिकारी’ करू नका, एका माणसाचे ‘सूत्रांनी’ करू नका. लपवणं चालतं, खोटं लिहिणं नाही. बोलण्यातली लकब, ठरावीक शब्द काढून टाका. बैठक संपल्यावर तासाभरात बातमी टाकली तर बैठकीत बसलेल्यांवरच संशय जातो. एक-दोन दिवस थांबायला काय हरकत आहे?

७. नोटीस आली तर

‘जरा चौकीत येऊन जा’ असा फोन म्हणजे नोटीस नव्हे. नम्रपणे लेखी मागा. साक्षीदार म्हणून बोलावायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि तो त्या पोलीस ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसालाच देता येतो. स्त्रिया, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींना घराबाहेर बोलावता येत नाही. कलम ९४ ची नोटीस कागद किंवा उपकरण हजर करण्याची असते. कलम ३५ ची असेल तर तुम्हाला आरोपीच्या नजरेने पाहिलं जातंय. कलमाचा आकडा आधी वाचा, मग वकिलाला फोन करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या लोकांना मोफत वकील मिळतो.

जायचं टाळू नका. गेल्यावर खोटं बोलू नका. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. ‘माहीत नाही’ म्हणू नका, ‘सांगू शकत नाही’ म्हणा. आधीच लेखी उत्तर तयार ठेवा: बातमी कोणत्या उपलब्ध कागदांवर उभी आहे, कलम १९(१)(अ), पेगासस प्रकरणातला २०२१ चा निकाल, आणि हवी ती माहिती तपास यंत्रणा स्वतःच्या मार्गाने मिळवू शकते हा मुद्दा. त्याची पोच घ्या. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराने सही करायची नसते, हेही माहीत असू द्या. नाव सांगण्याचा आदेश न्यायालयाने दिला, तर तो आदेश लेखी घेऊन उच्च न्यायालयात जाण्यासाठी वेळ मागायचा.

कोणी धमकावलं किंवा हात उगारला तर राज्याचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. त्याचा सोर्सच्या गोपनीयतेशी संबंध नाही, पण हल्ल्याची तक्रार देताना त्याचं नाव घ्यायला विसरू नका.

८. फोन जप्त होत असेल तर

अडवू नका, ओढाताण करू नका. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. ते चालू आहे का विचारा. पंच कोण आहेत पाहा. पंचनाम्यात उपकरणाचं मॉडेल, आयएमईआय, सिम आणि सीलचा उल्लेख हवा, आणि त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या मजकुराचा डिजिटल ठसा, नोंदवण्याची लेखी मागणी करा. त्यानंतर आतल्या मजकुरात कोणी काही घातलं किंवा काढलं तर त्यावरून पकडता येतं. पासवर्डच्या सक्तीबाबत न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय तो जागेवर देऊ नका.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांची उपकरणं जप्त होणं ही गंभीर बाब मानून केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं आणायला सांगितलं. ती येईपर्यंत सीबीआयची नियमावली पाळू, असं केंद्राने सांगितलं. पण हे आश्वासन केंद्रीय यंत्रणांपुरतं होतं.

९. बातमीनंतर

काही आठवडे सोर्सला आपणहून फोन करू नका. त्याची बदली झाली तरी त्यावर बातमी करू नका. कोणी नावं घेऊन विचारलं, ‘तो होता का?’, तर एकाही नावाला होय किंवा नाही म्हणायचं नाही. तीन नावांना नाही म्हणून चौथ्याला गप्प बसलात की सांगितल्यासारखंच झालं.

सगळ्यात अवघड प्रसंग तो, जेव्हा भलत्याच माणसावर ठपका येतो. समजा शेजारच्या टेबलावरच्या निरपराध लिपिकाला निलंबित केलं. ‘हा नव्हता’ असं लिहून द्यावंसं वाटणं माणुसकीचं आहे, पण त्याने घेरा खऱ्या सोर्सभोवती आवळतो. तेव्हा दोन गोष्टी करता येतात. लिपिकाविरुद्ध काय पुरावा आहे, चौकशी नियमांप्रमाणे चालली आहे का, याची बातमी करा आणि त्याला वकिलापर्यंत पोहोचवा. दुसरं म्हणजे सोर्सला, सुरक्षित मार्गाने, हे कळवा. नाव उघड करण्याचा हक्क त्याचा आहे. बोफोर्स तोफखरेदी प्रकरणाची कागदपत्रं पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांना देणारे स्वीडिश पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी २०१२ साली स्वतःहून नाव जाहीर केलं. तोवर सुमारे पंचवीस वर्षं ते बाहेर आलं नव्हतं.

सोर्स पुढे यायला तयार झाला, तर त्याच रात्री काही छापू नका. आधी त्याची स्वतःच्या वकिलाशी गाठ घालून द्या, घरच्यांशी बोलायला वेळ द्या, आणि शब्दातून मोकळं करत असल्याचं त्याच्याकडून लेखी घ्या. त्या कागदावर नेमकं काय छापायला परवानगी आहे, फक्त नाव, की कागद कसा मिळाला तेही, हे त्याच्याच हस्ताक्षरात असू द्या.